झूल पांघरलेले डायनोसॉर

माझ्या नवऱ्याला बासष्टाव्या वर्षी डायनोसॉर झाले. गोवर-कांजिण्या लहानपणीच होऊन गेल्या होत्या, हे तेवढं राहिलं होतं. इतर मुलांना हा आजार सहाव्या-सातव्या वर्षी होतो आणि हायस्कुलात जाईपर्यंत उतरतो. याचा मात्र उतरायचं नावच घेईना. (समोरासमोर मी त्याला ‘अहो’च म्हणते. कागदावर ‘तो’ म्हणायला मिळतंय, तर म्हणून घेते.)

आम्ही बेंगळुरूच्या बसवनगुडीत राहतो, त्याला पस्तीस वर्षं झाली. तो मूळचा साताऱ्याकडचा. एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून इथे आला आणि तिथूनच निवृत्त झाला. मी निपाणीची, त्यामुळे कन्नड माझ्या जिभेवर आधीपासूनच होतं. त्याचे पस्तीस वर्षांत दोनच शब्द पक्के झाले, ‘स्वल्प’ आणि ‘सरी’. थोडं आणि बरं. एवढ्या दोन शब्दांवर एक माणूस रिक्षा, भाजी आणि न्हाव्याचं दुकान निभावून नेतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्याचं आणखी एक आहे. तो बोलताना अडखळतो. लहानपणापासूनच. ‘प’ आणि ‘म’ ही त्याची खास दुश्मन अक्षरं. शब्द ओठांपर्यंत येतो आणि तिथेच थांबतो. आणि मी पडले घाईची बाई. कुणाचं वाक्य अर्ध्यात लोंबकळताना मला बघवत नाही. त्यामुळे लग्न झाल्यापासून त्याची वाक्यं मीच पुरी करत आले. बँकेत, दवाखान्यात, अगदी त्याच्या आईच्या फोनवरसुद्धा. तो ‘मला जरा प...’ म्हणाला की मी ‘पाणी ना?’ म्हणून तांब्या पुढे करायची. बहुतेक वेळा बरोबर असायचं. कधीमधी त्याला पेन हवं असायचं, पण तो बिचारा पाणी पिऊन टाकायचा.

कारखान्यातही तेच. आकडेमोड याची आणि मोठ्या साहेबांसमोर उभं राहून ती सांगणारा दुसराच कुणीतरी. याने कधी तक्रार केली नाही. मीही कधी विचारलं नाही.

निवृत्तीनंतर जयनगरच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं. पृथ्वीवरच्या जीवसृष्टीचा इतिहास. म्हणजे अर्धाच. मागची निम्मी पानं कुणीतरी फाडून नेली होती. त्यामुळे पुस्तक माशांपासून सुरू व्हायचं आणि डायनोसॉर नुकतेच कुठे डोकं वर काढतायत तिथे संपायचं. सिनेमातले ते अजस्र, डरकाळ्या फोडणारे डायनोसॉर सगळे फाटलेल्या भागात गेले. मी म्हटलं, “अहो, दुसरं आणा की धडधाकट.” तर तो म्हणाला, “मो-मोठे झाल्यावर सगळेच बघतात.” आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं.

रोज सकाळी तो जवळच्या बागेतल्या मोठ्या खडकावर जाऊन बसायचा, मांडीवर अर्धं पुस्तक घेऊन. बेंगळुरूचा खडक तीनशे कोटी वर्षांचा आहे हे मला त्यानेच सांगितलं. इतका म्हातारा, की तो थंड होताना जगात हाड असलेला प्राणीच नव्हता. म्हणून या गावात कितीही खणलं तरी डायनोसॉर मिळायचा नाही. याचं त्याला मनापासून वाईट वाटायचं.

आता आमच्याकडच्या बाहुल्यांविषयी सांगायला हवं. नवरात्रात इथे घरोघर पायऱ्या लावून त्यावर बाहुल्या मांडतात, गोंबे हब्ब म्हणतात त्याला. सगळ्यात वरच्या पायरीवर लाकडी राजा-राणी, त्याखाली देवदेवता, त्याखाली वाणी, वाजंत्री, संसार. आणि बाजूला दरवर्षी एक वेगळा देखावा. संध्याकाळी गल्लीतल्या बायका-मुली बघायला येतात, त्यांना हळदकुंकू आणि हरभऱ्याची उसळ द्यायची. मला हे सगळं खालच्या मजल्यावरच्या अक्कांनी शिकवलं. अक्का मराठीच, पण त्यांचं घराणं पाच-सहा पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. त्यांच्या मराठीत कन्नड कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते त्यांनाही सांगता येणार नाही. आता ऐंशीच्या पुढे आहेत. मी नवी नवरी म्हणून इथे आले तेव्हा माझी पहिली राजा-राणीची जोडी त्यांनीच दिली.

गेल्या आषाढात अक्कांनी विचारलं, “यंदा देखावा काय करणार गं?” लग्न, जत्रा, रानातले प्राणी, सगळं करून झालं होतं. मी विचार करत होते, तोवर कोपऱ्यातून आवाज आला, “डायनोसॉर.”

अक्का आणि मी दोघीही वळून बघत राहिलो. बायकांच्या बोलण्यात या माणसाने स्वतःहून शब्द टाकायची ही पहिलीच वेळ.

त्यानंतरचे दोन महिने तो नुसता उडत होता. आलेखाच्या कागदावर त्याने चार प्राणी काढले. समोरून, बाजूने, वरून, मापं टाकून, जणू कारखान्यात त्यांचे सुटे भाग पाडायचेत. आणि एके दिवशी मी न्हाणीघरासमोरून जाताना आतून त्याचा आवाज ऐकला. तो सराव करत होता. “तेवीस कोटी व-वर्षांपूर्वी...” मग पाण्याचा आवाज. मग पुन्हा पहिल्यापासून. मला कळलं की बाहुल्या हा सगळा बहाणा आहे. आयुष्यात एकदा तरी त्याला लोकांसमोर उभं राहून, स्वतःच्या तोंडाने, काहीतरी शेवटपर्यंत सांगायचं होतं. लोक हसले तर काय, हेच पहिल्यांदा मनात आलं.

चामराजपेटच्या एका गल्लीत गणपती आणि दसऱ्याच्या बाहुल्या करणारे एक अण्णा आहेत. आम्ही कागद घेऊन त्यांच्याकडे गेलो. चहूबाजूंना न रंगवलेले गणपती वाळत होते. अण्णांनी कागद उभा धरला, आडवा धरला, आणि “प्राणी, प्राणी” म्हणून मान हलवली. मग हा समजावून सांगायला लागला, मोडक्या हिंदीत. “रंग मातीचा. और प-पीठ पर...”

पीठ पर काय, ते ओठांशीच अडलं. अण्णा वाट बघत होते. मागे रिक्षाचा मीटर चालू होता. मी कन्नडमध्ये पटकन सांगून टाकलं, “अण्णा, आपल्या दसऱ्याच्या बाहुल्यांसारखं झकास करून द्या म्हणजे झालं.”

“सरी अक्का, सरी!” अण्णा खूश झाले. (इकडे कुठलीही बाई ‘अक्का’च.) शेवटी त्यांना कळेल असं कुणीतरी बोललं होतं.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, पेनाला टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं. मी त्याला रिक्षात बसवलं आणि वाटेत काकड्या घेतल्या.

गणपतीच्या कामामुळे अण्णांना उशीर झाला. खोकं आलं ते घट बसायच्या आदल्या दिवशी दुपारी. त्याने कात्रीने दोरा कापला, गवत बाजूला केलं आणि पहिला प्राणी बाहेर काढला.

तो गुलाबी होता. मोठाले डोळे, डोळ्यांत काजळ, कपाळावर कुंकवाचा टिळा. पाठीवर हिरवी झूल, झुलीला सोनेरी काठ, आणि झुलीच्या मधोमध देवाने बसावं म्हणून छानसं सपाट आसन. दुसराही तसाच, फक्त झूल लाल. तिसरा मगरीच्या भाऊबंदांपैकी, सगळ्यात मोठा आणि भयंकर. त्याच्या गळ्यात झेंडूची माळ होती. आणि शेवटी याचा लाडका, दोन पायांवर उभा राहणारा चिमुकला डायनोसॉर. त्याच्या दोन्ही पायांत तोडे होते.

अण्णांचा काय दोष? दसऱ्याच्या बाहुल्यांत बिनदेवाचा प्राणी कुणी केलाय? उंदीर असो, मोर असो, बैल असो, पाठीवर कुणीतरी बसणारच. त्यांनी आसनं तयार ठेवली होती. देव कोणता ते आम्ही सांगितलं नव्हतं, म्हणून ती रिकामी सोडली होती.

तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने एकेक प्राणी हातात घेतला, फिरवून पाहिला आणि जमिनीवर ओळीने ठेवला. “प-पाठीवर काही नको, असं सांगायचं होतं,” तो म्हणाला. मग म्हणाला, “राहू दे. तू आपला लग्नाचाच देखावा मांड.” आणि आतल्या खोलीत जाऊन बसला.

मला स्वतःचा इतका राग आला की मी स्वयंपाकघरात जाऊन एक धडका डबा उगाच आपटला. पस्तीस वर्षं मी याचं ओझं हलकं करतेय असं समजत होते. खरं तर मला थांबवत नाही, एवढंच होतं ते. सुरी घेऊन एका प्राण्याची झूल खरवडून पाहिली, पण ती नुसती रंगवलेली नव्हती, मातीतच घडवलेली होती. आणखी खरवडलं असतं तर पाठच गेली असती.

शेवटी मी चारही प्राणी होते तसे मांडले. लग्न मांडायला हात धजेना. प्राण्यांसमोर लावायला त्यांची नावं-माहिती लिहून ठेवलेल्या चिठ्ठ्या मात्र त्याने मला दिल्या नाहीत.

पहिले तीन दिवस तो बायका यायच्या वेळेला आतच बसून राहिला. मुलं विचारायची, “मोठा डायनोसॉर कुठेय?” मी म्हणायची, “अजून व्हायचाय.” बायका गोंधळून जायच्या. एकीने गुलाबी प्राण्याला हळदकुंकू वाहिलं. दुसरीने त्याच्या आसनावर शेवंतीचं फूल ठेवलं आणि हात जोडले. “हे फार जुने आहेत,” असं मी सगळ्यांना सांगत होते. एवढंच मला सांगता येत होतं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी अक्का जिना चढून आल्या. त्यांच्या गुडघ्यांना तो जिना म्हणजे डोंगर, दोघींनी धरून वर आणलं. खोलीत आठ-दहा बायका होत्या. अक्का खुर्चीत बसल्या, देखाव्याकडे बराच वेळ बघत राहिल्या, आणि तो गुलाबी, गोल पोटाचा प्राणी त्यांनी उचलून मांडीवर घेतला.

“अय्यो! हे कोणाचं वाहन गं?” त्यांनी त्याच्या तोंडावरून बोट फिरवलं. “चोच आहे, पंख नाहीत. म्हणजे गरुड नव्हे. पोट बघ केवढं. नोडी, नोडी, बघ तरी, शेपूटही आहे. कोण हा?”

“अक्का, तो हाय...” मी म्हटलं. “हायपो... हायड्रो...” आणि माझी गाडी तिथेच रुतली. आयुष्यात मला शब्द कमी पडल्याचं कुणी पाहिलं नसेल. सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या.

“हायपरोडॅ...”

आतल्या दारात तो उभा होता, खांद्यावर पंचा तसाच. पुढचं अक्षर अडलं होतं. ओठ मिटलेले, मान किंचित वर झालेली. हे त्याचं मला पाठ आहे. सवयीने माझं तोंड उघडलं, आणि तोंडात काहीच नव्हतं. पुढे काय आहे ते मलाच ठाऊक नव्हतं. वाक्य पुरं करायचं म्हटलं तरी त्या खोलीत ते करू शकणारा तो एकटाच होता.

पंखा फिरत होता. कुणीतरी उसळीची वाटी खाली ठेवली. मला वाटतं इतका वेळ मी आयुष्यात कधी गप्प राहिले नव्हते.

“...पेडॉन,” तो म्हणाला.

“सरी,” अक्का म्हणाल्या. “मग?”

त्यांनी ‘मग’ असं विचारलं, जणू मधे काही झालंच नव्हतं. तो दोन पावलं पुढे आला. “हा ग-गोदावरीच्या खोऱ्यात सापडलाय,” तो म्हणाला. “तेवीस कोटी वर्षांपूर्वीचा. पाला खायचा. डायनोसॉर नव्हे हा, पण डायनोसॉर आले तेव्हा हाच इथला रहिवासी.”

“गोदावरी? म्हणजे आपल्यातलाच की हा, अल्लवा, हो ना!” अक्कांना एकदम जवळीक वाटली. त्यांनी प्राण्याच्या पाठीवर थोपटलं. “आणि ह्याच्यावर बसायचं कोण?”

अक्कांनी नेमकं तेच विचारलं होतं.

तो आसनाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “कोणीच नाही. ब-बसायला अजून कोणी झालंच नव्हतं.”

“मग आसन रिकामं ठेवलंस ते बरोबरच केलंस की,” अक्का म्हणाल्या.

बायका हसल्या. तोही हसला, आणि त्या हसण्यात त्याचे खांदे चार दिवसांनी पहिल्यांदा खाली आले. मग तो सुटलाच. मगरीच्या भाऊबंदाला त्याने उचलून वर धरलं. त्या काळी राज्य यांचं होतं, म्हणाला. आणि डायनोसॉर हा एवढासा, माझ्या गुडघ्याला लागेल इतका, कोपऱ्यात किडे-सरडे पकडून खाणारा. बाकीच्या बऱ्याच जणांचे पाय अंगाच्या बाजूला फाकलेले, याचे सरळ अंगाखाली, म्हणून हा भराभर पळायचा. पुढे जमीन फाटली, ज्वालामुखी उसळले, हवा बिघडली, ते मोठे मोठे सगळे गेले. आणि हा तोडेवाला राहिला. त्याच्याच वंशातले पुढचे ते अजस्र.

“हा एवढासाच कसा वाचला पण?” कुणीतरी विचारलं.

“न-नक्की कोणालाच माहीत नाही,” तो म्हणाला, आणि हेही त्याने इतक्या आनंदाने सांगितलं की बायकांनी माना डोलावल्या.

मराठी, हिंदी आणि आपले दोन कन्नड शब्द घेऊन तो अर्धा तास बोलला. ‘स्वल्प उंच’, ‘स्वल्प भूक’, ‘स्वल्प भूकंप’. अडखळला तर किती वेळा अडखळला. थांबायचा, मान वर करायचा, पुन्हा निघायचा. कुणी हसलं नाही, कुणी घाई केली नाही. बायकांना निवांत बसायला मिळालं होतं, त्यांचं काय जात होतं? उसळ गार झाली ती मी तशीच वाढली.

दुसऱ्या दिवशी त्याने खुर्ची आपणहून बाहेरच्या खोलीत आणून ठेवली. चिठ्ठ्या काढल्या आणि प्राण्यांसमोर लावल्या. बायका आणखी बायकांना घेऊन यायला लागल्या. “वाहनं दाखवा,” म्हणायच्या. तो म्हणायचा, “वाहनं नव्हेत,” आणि तिथून त्याची सुरुवात व्हायची. अण्णांनी घातलेली झूल अशी कामी आली. साधे मातकट डायनोसॉर असते तर “छान आहेत हं,” म्हणून लोक उसळीकडे वळले असते.

माझी मात्र पंचाईत झाली होती. ते नाव येत नाही हे मला सहन होईना. नारळ-मिरची वाटताना मिक्सर लावायचा आणि त्याच्या घरघरीत म्हणायचं, हायपरोडॅपेडॉन, हायपरोडॅपेडॉन. सातव्या दिवशी सकाळपर्यंत मला ते लोण्यासारखं यायला लागलं.

आणि सातव्याच दिवशी संध्याकाळी तो पुन्हा त्या नावावर अडला, नेहमीच्या जागी. समोर पंधरा-वीस माणसं, त्यात दोघी-तिघींचे नवरेही. यावेळी बरंच लांबलं. त्याच्या कपाळावर घाम दिसायला लागला. शब्द माझ्या जिभेच्या टोकावर होता, आख्खा, सुटा, तयार. मी ओठ घट्ट मिटून घेतले आणि हातातल्या पळीकडे बघत राहिले. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान वर केली नाही. मग मला त्याच्या आवाजात “पेडॉन” ऐकू आलं, आणि माझा जीव भांड्यात पडला.

विजयादशमीला संध्याकाळी राजा-राणीला आडवं करून झोपवतात, म्हणजे सण संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं जमिनीवर बसून बाहुल्या बांधायला लागलो. मी जुन्या साड्यांचे तुकडे फाडून देत होते, तो एकेक प्राणी गुंडाळत होता. तोडेवाल्याला त्याने दोनदा गुंडाळलं.

“त्या दिवशी मला वाटलं, तू नाव सांगून टाकशील,” तो म्हणाला.

“मला कुठे येतं ते नाव?”

तो मान खाली घालून दोरा बांधत होता. “येतं तुला,” म्हणाला. “मि-मिक्सर बंद झाल्यावरही म्हणत होतीस एकदा.”

मी आणखी एक साडी फाडायला घेतली. ती चांगली होती, फाडायची नव्हती, ते नंतर लक्षात आलं.

खोकं बंद झालं. त्याने झाकणावरून हात फिरवला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, “मला जरा प...”

पाण्याचा तांब्या माझ्या हाताशीच होता. मी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसले. खाली अक्कांचा रेडिओ चालला होता. त्याने मान किंचित वर केली.

“...पेन दे,” तो म्हणाला. “खोक्यावर नावं लिहायचीत.”

मी उठून त्याला पेन आणून दिलं.